घरच्या सीएनसीवर विमानाच्या रिब कापल्या तर चालतील का?

वाडीकर_बडोदा:
नमस्कार मंडळी. घरी सीएनसी राऊटर (कॉम्प्युटरने चालणारं कापायचं मशीन) बांधलाय, १२०० बाय ६०० मिमीचा बेड, १६०५ चे बॉलस्क्रू (कटर मापात सरकवणारे स्क्रू), दीड किलोवॅटचा स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर), कंट्रोलला जीआरबीएल सॉफ्टवेअर. लाकूड, ॲक्रिलिक मस्त कापतो, ॲल्युमिनियमचा पत्रा पण कापून पाहिला, व्हर्नियरने मोजलं तर माप पॉइंट वन मिमीच्या आत येतंय. आता मी आणि माझा मावसभाऊ सीएच ७०१ सारखं दोन सीटचं, पॉप रिव्हेटवालं (एका बाजूने बसवता येणाऱ्या रिव्हेटचं) विमान प्लॅनवरून बांधायचं म्हणतोय, पत्रा ६०६१-टी६ (उष्णता देऊन कडक केलेलं ॲल्युमिनियम). पंखाच्या रिब (पंखाला आकार देणारे आतले आडवे तुकडे), स्किनची (वरच्या पत्र्याची) भोकं, स्पारचे (पंखाच्या मुख्य लांब तुळईचे) ब्रॅकेट सगळं याच मशीनवर करावं का? ॲक्युरसी पुरेल का? जरा सविस्तर सांगा.

मकरपुरा_टूलरूम:
रिबला पॉइंट वन भरपूर झालं, त्याची काळजी करू नका. माझं मत विचाराल तर तुमच्या मशीनचं पहिलं काम फॉर्म ब्लॉक, म्हणजे रिबच्या आकाराचे साचे. दोन एमडीएफ ब्लॉकमध्ये पत्रा दाबून नायलॉनच्या हातोड्याने कडा वळवायच्या, आणि हे ब्लॉक हाताने कापले तर डाव्या आणि उजव्या पंखाच्या रिब जुळवताना नाकी नऊ येतात, सीएनसीवर तोच प्रोग्राम मिरर करून चालवला की झालं. ब्लॉकच्या कडेला साधारण ३ मिमी रेडियस द्या, टी६ चा पत्रा धारेवर वळवला तर बाहेरून तडकतो. शिवाय तो वळवल्यावर थोडा परत उघडतो, म्हणून ब्लॉकची बाजू सरळ ९० ला न ठेवता काही अंश आत घ्या.

भोकं मात्र फायनल साइजला मारू नका. ३.२ च्या रिव्हेटला २.५ चं पायलट (आधीचं लहान भोक) मारा आणि जोडणीच्या वेळी क्लेको (पत्रे तात्पुरते धरणाऱ्या स्प्रिंगच्या पिना) लावून दोन्ही पत्रे एकत्र मोठे करा. कारण आपल्याकडचा उन्हाळा. ॲल्युमिनियम दर डिग्रीला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं, स्टीलचा बॉलस्क्रू १२ च्या आसपास, म्हणजे ११ चा फरक राहतोच. स्किन जानेवारीत सकाळी कापली, स्पार मे महिन्यात भर दुपारी, मध्ये २५ डिग्रीचा फरक धरा, तर मीटरमागे पाव मिलिमीटरच्या वर चूक आली. पायलट भोकात ती निघून जाते, फायनल भोकात रिव्हेटच बसत नाही.

रिव्हेट_ताई:
काकांचं बरोबर आहे पण कडेबद्दल कुणीच बोललं नाही आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत व्हॅन्स एअरक्राफ्टच्या किटमध्ये लेझरने कापलेली भोकं होती, डिंपल करताना (रिव्हेटचं डोकं बसायला भोकाभोवती खळगा दाबताना) काही भोकांच्या कडेला तडे जायला लागले, केवढे पार्ट बदलून द्यावे लागले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला (त्याला बाकीची कारणंही होती). भोक मापात असून भागत नाही, कड गुळगुळीत लागते. राऊटरवर लेझरसारखी उष्णता नसते पण कटरला ॲल्युमिनियम चिकटलं की कड ओरबाडली जातेच. सिंगल फ्लूट (एकाच धारेचा) कार्बाइड कटर वापर, केरोसीनचा फवारा आणि हवा चालू ठेव, खाली एमडीएफ, आणि पत्रा मधूनही धरून ठेव नाहीतर पातळ पत्रा थरथरतो. मग कडेच्या लांबीच्या दिशेने बारीक कानस, त्यावर स्कॉचब्राइटची घासणी, आडवे ओरखडे राहू देऊ नकोस, तडा तिथूनच सुरू होतो. भोकाचं सेंटर कडेपासून रिव्हेटच्या डायाच्या दुप्पट आत, म्हणजे ३.२ ला ६.४. आणि पत्र्यावर पेन्सिल किंवा स्क्राइबर अजिबात नको, पेन्सिलच्या शिशाने (ग्रॅफाइटने) गंज धरतो, स्क्राइबरने ओरखडा पडतो, मार्कर वापर.

वाडीकर_बडोदा:
ताई, काका, खूप आभार, पायलट भोकाचं डोक्यातच नव्हतं. स्पारच्या ब्रॅकेटचं काय करू? ६ मिमी प्लेट आहे. आणि इथे भंगारवाल्याकडे ६०६१ म्हणून पत्रा स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

मकरपुरा_टूलरूम:
भंगारचा पत्रा जिगला घ्या, विमानाला नको. हातात घेऊन ६०६१-टी६ आणि ५०५२ (दुसरं, मऊ ॲल्युमिनियम) ओळखता येत नाही. टी६ ची यील्ड (ज्या ताणाला पत्रा कायमचा वाकायला लागतो तो) २७६ एमपीएच्या आसपास, ५०५२-एच३२ ची त्याहून बरीच कमी, आणि पंखाचा हिशोब २७६ वर केलेला असतो. मिल सर्टिफिकेट (कारखान्याचा धातूचा दाखला) आणि बॅच नंबर असलेलाच घ्या. तरी शंका आली तर लॅबमध्ये हार्डनेस बघा, टी६ ला ब्रिनेल ९५ च्या जवळ यायला हवा, एच३२ ला ६० च्या जवळ येतो. ब्रॅकेट तुमच्या राऊटरवर नको. ६ मिमीत हलका गँट्री (स्पिंडल धरणारा सरकता पूल) दाबाने सरकतो, भोक टेपर (एका बाजूला निमुळतं) येतं आणि बोल्टला तिथे रीम केलेलं (रीमरने अचूक मापाला आणलेलं) भोक लागतं. जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कुठल्याही चांगल्या व्हीएमसीवाल्याला (जड सीएनसी मिलिंग मशीनवाल्याला) ड्रॉइंग द्या, तासाभराचं काम आहे.

हरणी_रनवे:
मशीनवर चर्चा छान चाललीये पण कागदांचं आत्तापासून बघा. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत घराच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया वीकमध्ये ते लोकांनी पाहिलं, पण उडवायची परमिट हातात यायला २०१९ उजाडलं. म्हणून पहिला पत्रा कापायच्या आधी डीजीसीएचे (विमान वाहतूक नियंत्रण करणाऱ्या सरकारी खात्याचे) अमॅच्युअर-बिल्ट, म्हणजे हौशी लोकांनी बांधलेल्या, विमानाचे नियम वाचून काढा आणि तपासणी कोणत्या टप्प्यावर लागते ते त्यांना लेखी विचारा. एकदा पंख रिव्हेटने बंद झाला की आतली रिब कुणाला दाखवणार? प्रत्येक रिबवर नंबर टाका, वहीत पत्र्याचा बॅच नंबर, कापल्याची तारीख, त्या दिवशीचं शेडचं तापमान लिहा, आणि स्किन लावायच्या आधी आतून फोटो काढून ठेवा.