होमस्टेचा दर सॉफ्टवेअरवर सोडावा का? आईशी भांडण झालंय

मुरूडची_लेक

दापोलीजवळ मुरूडला आमचं घर आहे. मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी तीन खोल्या काढल्यात. चालवतात आई-बाबा, नेटवरचं सगळं मी पुण्यातून बघते. दिवाळीच्या आधी मी दर ठरवणारं एक सॉफ्टवेअर जोडलं. आपण मूळ दर, किमान आणि कमाल एवढं सांगायचं. मग आसपासच्या खोल्या किती भरल्यात, शनिवार-रविवार कधी, सुट्ट्या कधी, लोक किती दिवस आधी बुक करतायत, हे बघून ते रोज आकडा बदलतं. आमचा वर्षभर एकच दर होता, खोलीला २,८००. आता मंगळवार-बुधवारी १,९०० दिसतो, नाताळच्या आठवड्यात ६,४०० वर गेला होता.

पैसे आले, खोटं कशाला बोलू. नोव्हेंबर ते जानेवारी मिळून गेल्या वर्षीपेक्षा ४१ हजार जास्त.

पण डिसेंबरात कोथरूडच्या एका काकूंचा आईला फोन आला. नऊ वर्षं येतायत त्या. म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याकडेही आता विमानासारखं झालं का हो?" आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिचं म्हणणं, खोली तीच, गादी तीच, सोलकढी तीच, मग वेगळा दर कुठल्या तोंडाने सांगू? माझं म्हणणं, रिकाम्या मंगळवारी १,९०० घेतो तेव्हा नाही कुणाचा फोन येत!

तुम्ही काय करता?

शिवोलीकर

ताई, आईंना विचारा, हापूसची पहिली पेटी आणि मे अखेरची पेटी एकाच भावाने जाते का? कलम तेच, माती तीच. फेब्रुवारीत पेटी वाशीला पोचली की भाव पेपरात छापून येतो, आणि पावसाच्या तोंडावर गिऱ्हाईक शोधत फिरावं लागतं. त्याला कुणी लूट म्हणत नाही. शिवाय आंबा उरला तर साठं तरी घालता येतात. मंगळवारची रिकामी रात्र कशात घालणार?

मी गोव्यात नऊ फ्लॅट सांभाळतो, सगळे यावरच आहेत. अमेरिकेत सात शहरांतल्या एअरबीएनबी घरांचा अभ्यास झाला होता, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कंपनीचंच स्मार्ट प्रायसिंग, म्हणजे आपोआप दर लावणारी सोय, ज्यांनी चालू केलं त्यांचा दर सरासरी ५.७ टक्क्यांनी उतरला आणि रोजची कमाई ८.६ टक्क्यांनी वाढली. दर उतरला, हे नीट वाचा. आपल्याला वाटतं यंत्र नुसतं चढवतं. खरं तर आपणच हट्टाने खोली रिकामी ठेवत असतो.

देवबागचा

ह्या काय खरा नाय.

दर ५.७ ने उतरला आणि कमाई वाढली याचा अर्थ जास्त रात्री भरल्या. जास्त रात्री म्हणजे जास्त चादरी, जास्त नारळ, जास्त वेळा पहाटे उठून चहा. तुमच्या फ्लॅटला सफाईवाला येतो, त्याचा हिशेब कुठेतरी लागतो. इथे ते काम मुरूडच्या आईंच्या अंगावर पडतं आणि त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात नसते. बुकिंगवर कमिशन घेणाऱ्या कंपनीला खोली भरलेली हवी. आपल्याला ती परवडेल त्या दराने भरलेली हवी. या दोन गोष्टी एक नाहीत.

मी एक हंगाम वापरून बघितलंय. माझ्या दोन खोल्या, स्वयंपाकघर बायकोचं, दर माणशी, जेवणासकट. ते यंत्र खोलीच्या रात्रीचा दर लावतं. दोघं आले काय आणि चौघं आले काय, सुरमई किती लागणार हे त्याच्या गावी नाही. शेजारी म्हणून त्याने मला कुणाशी तोललं? स्विमिंग पूलवाल्या व्हिलाशी. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, पावसाळ्यात किल्ल्यावर होड्या जात नाहीत, आणि हे मला जूनच्या एका शनिवारी दर वाढवा म्हणून सांगतंय!

सगळ्यात वाईट म्हणजे माझी चारातली तीन बुकिंग फोनवर होतात. यंत्राला वाटलं खोल्या रिकाम्या आहेत, म्हणून घसरवत घसरवत किमान दरावर आणलं. दोन्ही खोल्यांत बेळगावची माणसं झोपलेली होती.

शिवोलीकर

दादा, नाचता येईना अंगण वाकडं. फोनवर बुकिंग घेतलं की त्या तारखा कॅलेंडरवर बंद करायच्या असतात, दहा सेकंदांचं काम आहे. कुणाशी तुलना करायची ती घरंही बहुतेक ठिकाणी आपल्याला निवडता येतात. अंगारकीला गणपतीपुळ्यात गर्दी होते हे त्याला ठाऊक नसेल तर त्या तारखेचा दर हाताने लावा. ते हिशेबनीस आहे, घरमालक तुम्हीच.

देवबागचा

म्हणजे अंगारकी मी सांगायची, होड्या कधी बंद ते मी सांगायचं, फोनची बुकिंग मी भरायची, शेजारी मीच निवडायचे. मग त्याचे महिन्याचे पैसे कशाबद्दल देऊ?

आणि आंब्याचं उदाहरण इथे चालत नाही. आंब्याचा भाव चार लोकांसमोर उघड्यावर ठरतो.

वाशी_गाळा

उघड्यावर? काका, आमच्या मार्केटात हापूसचा सौदा वर्षानुवर्षं रुमालाखाली बोटं दाबून झाला. हत्ता म्हणतात त्याला. ज्याची पेटी त्यालाच भाव कळत नाही म्हणून बागायतदार ओरडत आले. तुमचं सॉफ्टवेअर निदान आकडा पडद्यावर दाखवतं.

बाकी चालू द्या.

दरवर्षी_कोकण

मी पाहुणा आहे, मालक नाही. बोललं तर चालेल ना?

गणपतीत ट्रॅव्हल्सवाले भाडं वाढवतात तेव्हा आपण सगळे मिळून त्यांना शिव्या घालतो. २०१८ मध्ये सरकारने एसटीच्या भाड्याच्या दीडपट ही खाजगी बसची मर्यादा ठरवली, तेव्हा आपल्याला ते बरोबरच वाटलं. रेल्वेने ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, दुरांतो, शताब्दीला फ्लेक्सी भाडं लावलं. दर १० टक्के जागा भरल्या की भाडं १० टक्क्यांनी वर, पण त्यालाही दीडपटीची मर्यादा होती आणि नियम छापील होता. मला नाही आवडला, पण कळला तरी. तुमच्या २,८०० चे ६,४०० झाले म्हणजे सव्वादोन पटीच्या वर. कुठल्या नियमाने, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

काकूंना राग पैशांचा आला असेल असं मला वाटत नाही. नऊ वर्षं आपण घरी जातोय असं त्यांना वाटत होतं.

मुरूडची_लेक

हे शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं. "बघ" एवढंच म्हणाली.

पण दादा, घरी जाताय तर पैसे का देताय, असं मीही विचारू शकते. छप्पर शाकारायला, पंप दुरुस्त करायला कुणी घरचं म्हणून येत नाही. नाताळात मुंबईच्या गाड्या मिळेल ती खोली मिळेल त्या दराने घेतात. आम्ही २,८०० ला दिली तर ते आमचे उपकार मानत नाहीत, स्वस्तात मिळाली म्हणतात.

हिशेबाची_वही

भावना बाजूला ठेवून एक आकडा देतो, कारण इथे पुष्कळ जण फसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीला एका दिवसाचे ७,५०० पर्यंत असतील तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेलात की पूर्ण रकमेवर १८ टक्के. यंत्राने दर ७,५०० ठेवला तर करासह पाहुण्याचे ७,८७५ जातात. त्याने उत्साहाने ७,६०० केला तर ८,९६८. तुमच्या पदरात १०० रुपये जास्त, पाहुण्याच्या खिशातून १,०९३ जास्त. तुमची नोंदणी नसली तरी प्लॅटफॉर्म, म्हणजे बुकिंगची साइट, हा कर लावतोच.

ताई, तुमचा ६,४०० त्याखाली आहे. पण तिन्ही खोल्या मिळून 'अख्खं घर' म्हणून एकच जाहिरात टाकलीत तर सापडाल. कमाल दर ७,५०० वर बांधून टाका, नाहीतर सरळ साडेआठ-नऊच्या पुढे जा. मधला पट्टा मूर्खपणाचा.

गुहागरचा_आयटीवाला

मला वेगळीच भीती वाटते. उद्या किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर घेतलं तर? ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने रिअलपेज नावाच्या कंपनीवर खटला भरला. ती घरमालकांना भाडं किती लावायचं ते सुचवते. आरोप असा की एकमेकांचे स्पर्धक असलेले मालक आपापली आतली माहिती त्याच एका यंत्राला देतात आणि ते सगळ्यांना एकदम वर चढवतं. सगळ्या बागायतदारांनी एकाच दलालाच्या कानात आपला भाव सांगावा तसं. तुम्ही शेजाऱ्याशी संगनमत केलेलं नसतं, तुमच्या वतीने दुसरंच कुणीतरी करून मोकळं होतं.

शिवोलीकर

तिकडे हजारो फ्लॅटवाल्या कंपन्या आहेत हो. मुरूडला आजही कोपऱ्यावरच्या टपरीवर "त्यांच्याकडे काय दर चाललाय" विचारूनच दर ठरतो. ते संगनमत चालतं वाटतं?

गुहागरचा_आयटीवाला

टपरीवाला खोटं बोलतो. म्हणून स्पर्धा टिकते.

मुरूडची_लेक

बरं, काय झालं ते सांगते.

कमाल दर ४,२०० वर आणला. २,८०० ची दीडपट, रेल्वेवाल्या दादांचं ऐकून. किमान १,९०० च ठेवलाय, कारण त्याखाली आईच्या कंबरेला परवडत नाही. देवबागच्या काकांचं पटलं, म्हणून जेवण दरातून काढून वेगळं माणशी लावलं. आणि जुनी माणसं फोनवर आईशी बोलतील तो त्यांचा दर, त्यात मी पडायचं नाही, असं ठरलंय. यामुळे माझं ४१ हजारांतलं किती जाईल ते पुढच्या जानेवारीत कळेल. मला अजूनही वाटतं की नाताळला ६,४०० मध्ये काही चूक नव्हती.

परवा आईने कोथरूडच्या काकूंना आपणहून फोन केला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंगळवारी आलो तर १,९०० च ना?" आता मंगळवार ते गुरुवार नऊ माणसं येतायत, तिन्ही खोल्या. बाबा मासळी आणायला हर्णै बंदरावर जायचं म्हणतायत.

शिवोलीकर

म्हणजे शेवटी काकूच यंत्र वापरायला शिकल्या!

देवबागचा

फोनवर झालं ना बुकिंग? मग आधी कॅलेंडर बंद कर गो.