लिमिट २५ एमबी, फाइल २० एमबी, तरी मेल वापस काहून येऊन राहिला?

हिंगणा_डिस्पॅच:
नमस्कार मंडळी, हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कंपनीत डिस्पॅच पाहतो. पुण्याच्या पार्टीला प्रत्येक गाडीसोबत टेस्ट सर्टिफिकेट, ड्रॉइंग, लोडिंगचे फोटो अन् सही-शिक्क्याचं चलन असं सगळं मेल करावं लागते, त्याशिवाय ते बिल पासच करत नाहीत. होस्टिंगवाला सांगते लिमिट २५ एमबी आहे, माझं सगळं मिळून २० होते, तरी मेल वापस येते. झिप करून पाहिलं, साइझ जवळपास तेवढीच. गाडी पोचून जाते अन् कागद इथंच अडकून राहतात. काय करावं?

सदर_सिस्टीमवाला:
भाऊ, २५ ची लिमिट फाइलची नाही, पूर्ण मेलची असते. मेल मुळात साध्या अक्षरांसाठी बनला, म्हणून फाइल जाताना तिचं अक्षरांत रूपांतर होते, त्याला बेस६४ म्हणतात, त्यात दर ३ बाइटचे ४ होतात. म्हणजे तुमचे २० एमबी वाटेत २७ च्या आसपास जातात. २५ मध्ये बसवायचं तर फाइल १८ च्या आत ठेवा.
दुसरं म्हणजे समोरच्याची लिमिट वेगळी असू शकते अन् दोन्हीपैकी जी लहान तीच लागू होते. स्वतःचा एक्सचेंज सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) ठेवणाऱ्या कंपनीत मूळ सेटिंग १० एमबीची असते, कोणी बदललं नसेल तर तीच चालू राहते, मग ७ च्या वर काही जाणार नाही. वापस आलेला मेल खालपर्यंत वाचा, कोणत्या सर्व्हरने नाकारला त्याचं नाव तिथंच असते. त्यांचा असेल तर होस्टिंगवाल्याशी भांडून उपयोग नाही.

अकाउंट्सवाली_ताई:
मी आधी स्कॅनर पाहीन. आमच्याकडे ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) कलरवर सेट होता, कोणी बदलतच नव्हतं, एका पानाचं चलन पण भलतं जड व्हायचं. आता २०० डीपीआय ग्रेस्केल. ६०० चं २०० केलं की ठिपके नऊ पटीने कमी होतात अन् सही, शिक्का, हीट नंबर (स्टीलच्या बॅचचा नंबर) सगळं नीट वाचता येते. शिक्का निळाच दिसला पाहिजे असा पार्टीचा आग्रह असेल तर तेवढंच पान कलर ठेवा.
झिपचं म्हणाल तर जेपीजी फोटो आधीच दाबलेला असते, आजकालची वर्ड-एक्सेलची फाइल तर आतून झिपच असते, कमी काय होणार?
वर्डमध्ये फोटो टाकून रिपोर्ट बनवत असाल तर फोटोवर क्लिक करून कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये जा, फक्त याच फोटोला लागू करा अशी जी खूण असते ती काढा, अन् क्रॉप केलेला भाग डिलीट करा हे ठेवा. हे मी कळकळीने सांगते, कारण क्रॉप केलेला भाग दिसत नसला तरी फाइलमध्ये राहते, समोरचा माणूस तो परत उघडू शकते. दुसऱ्या पार्टीचा माल किंवा रेट मागे दिसत असला तर?

बुटीबोरी_क्वालिटी:
एवढं कशाला, ड्राइव्हची लिंक पाठवा ना. नाहीतर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून टाका, २ जीबीपर्यंत जाते.

सदर_सिस्टीमवाला:
@बुटीबोरी_क्वालिटी लिंक चांगली आहे, पण परवानगी पाहून. लिंक असलेल्या कोणालाही उघडेल असं ठेवलं तर ती पुढे कुठंही फिरते, म्हणून त्यांच्या मेल आयडीलाच द्या. काही कंपन्यांत ड्राइव्ह बंदच असते, आधी फोन करून विचारा. अन् बिलाचे कागद व्हॉट्सॲपवर नको, तो माणूस नोकरी सोडून गेला की कागद त्याच्याच मोबाइलमध्ये राहतात, सहा महिन्यांनी पेमेंट अडकलं तर दाखवणार काय?

हिंगणा_डिस्पॅच:
ताई, भाऊ, खूप आभार. मेल खालपर्यंत वाचला, नाकारणारा सर्व्हर त्यांचाच आहे. स्कॅनर २०० ग्रेवर केला, सर्टिफिकेट अन् चलन मिळून ३ एमबीत बसले, ते सरळ मेलनं गेले. फोटो मात्र जडच आहेत, त्यांच्या स्टोअरला फोन केला तर म्हणे ड्राइव्ह उघडते, आयडी पाठवतो. ड्रॉइंग दर वेळी तेच असते, ते एकदाच त्या फोल्डरमध्ये टाकून ठेवलं तर चालेल का, की रिव्हिजन (ड्रॉइंगची आवृत्ती) बदलली की गोंधळ होईल?

अकाउंट्सवाली_ताई:
चालते, फक्त फाइलच्या नावातच रिव्हिजन नंबर टाका अन् मेलमध्ये तोच नंबर लिहा. जुनी काढू नका, जुन्या फोल्डरमध्ये सरकवा.