ईआरपीनेक्स्टच्या डॅशबोर्डवर विक्रीचे स्तंभालेख कसे लावावेत?

प्रश्न

नमस्कार. सांगली जिल्ह्यात आमचा सिमेंटचा घाऊक व्यापार असून दोन वर्षांपासून आम्ही बिले ईआरपीनेक्स्ट या व्यवसायाचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर करतो. डॅशबोर्डवर सध्या तालुकावार विक्रीचा वर्तुळालेख आहे. पण त्यातल्या दहा फाकांकडे पाहून तासगाव पुढे आहे की पलूस, हे नजरेने ठरत नाही. सकाळी दुकान उघडल्याबरोबर महिनावार आणि तालुकावार विक्री एका दृष्टिक्षेपात कळावी, अशी वडिलांची इच्छा आहे. स्तंभालेख कसे लावावेत आणि त्यात काय जपावे?

प्रतिसाद १

दोन्ही आलेख प्रोग्रॅमिंगशिवाय होतात. 'डॅशबोर्ड चार्ट'ची नवी नोंद उघडून प्रकार 'सम' (बेरीज), दस्तऐवज 'सेल्स इन्व्हॉइस' (विक्रीचे बिल), तारीख 'पोस्टिंग डेट', कालांतर मासिक आणि आलेखाचे रूप 'बार' असे निवडावे. तालुक्यांसाठी प्रकार 'ग्रुप बाय' घेऊन गट 'टेरिटरी'वर, म्हणजे बिलातल्या विक्री-क्षेत्राच्या रकान्यावर, पाडावेत आणि तिथेही मोजणीऐवजी बेरीज निवडावी. मोजणी ठेवली, तर माल परत आल्याची क्रेडिट नोटसुद्धा एक बिल म्हणून धरली जाते.

खरी काळजी बेरजेसाठी कोणता आकडा घ्यायचा, याची आहे. बहुतेक जण सवयीने 'ग्रँड टोटल' घेतात, पण त्यात जीएसटी मिसळलेला असतो. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. मूळ किंमत आणि पोती तेवढीच राहिली, तरी एक लाखाच्या मालाचे बिल 1,28,000 रुपयांवरून 1,18,000 रुपयांवर येते. म्हणजे ऑक्टोबरचा स्तंभ जवळपास आठ टक्क्यांनी बुटका दिसेल आणि धंदा बसल्याचा समज होईल, जो साफ चुकीचा असेल. त्यामुळे कंपनीच्या चलनातले 'नेट टोटल', म्हणजे कर वगळून येणारी रक्कम, घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. त्यात एका फिल्टरची भर घालतो. रद्द केलेली बिले आलेखातून आपोआप वगळली जातात, परंतु कच्ची, म्हणजे 'ड्राफ्ट' अवस्थेतली बिले बेरजेत धरली जातात. म्हणून फक्त 'सबमिटेड', म्हणजे पक्की केलेली, बिले घेण्याची अट आवर्जून घालावी.

तालुके दहाच असल्यामुळे गटांच्या संख्येवर मर्यादा घालू नये, कारण ती घातली की उरलेले लहान तालुके 'इतर' या एका स्तंभात गोळा होतात. आटपाडी किंवा शिराळ्याची विक्री कमी असेल, तर नेमकी तीच वडिलांना दिसायला हवी. प्रत्येक तालुक्याला वेगळा रंग देण्याचीही गरज नाही. स्तंभाची उंचीच सर्व काही सांगते आणि एकाच रंगात तुलना अधिक सोपी होते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दोन्ही आलेख लावले आणि जुलैची बेरीज वडिलांच्या वहीशी ताडून पाहिली. आकडा आधी जास्त येत होता. शोधल्यावर तीन कच्ची बिले निघाली आणि फिल्टर लावताच वही व आलेख तंतोतंत जुळले. आज सकाळी जतचा स्तंभ पाहून वडिलांनी तिथल्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन केला.