वायफायऐवजी सीडीचे चिन्ह दिसत असल्यास

यूएसबी अडॅप्टर लावल्यावर उबुंटू या लिनक्स प्रणालीमध्ये वायफाय येत नाही, मात्र सीडीचे चिन्ह दिसते, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते अडचणीचे मूळ त्या चिन्हातच आहे. असे अनेक अडॅप्टर सुरुवातीला सीडी ड्राइव्ह म्हणून स्वतःची ओळख देतात, कारण त्यांच्यात विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो, आणि ते रूप बदलल्याशिवाय लिनक्सला आतली वायफाय चिप दिसतच नाही. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ (lsusb) ही जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी आज्ञा द्या. रिअलटेक या चिप कंपनीच्या ओळीत ०बीडीए:१ए२बी (0bda:1a2b) असा क्रमांक आला, तर हे रूप बदलणारे ‘यूएसबी-मोडस्विच’ (usb-modeswitch) हे पॅकेज बसवून अडॅप्टर पुन्हा लावा. माझ्या ८८११सीयू चिपच्या अडॅप्टरची सीडी नुसती इजेक्ट केल्यावरही क्रमांक ०बीडीए:सी८११ असा बदलला आणि मिनिटभरात घरचे नेटवर्क यादीत दिसले.

या चिपचा ड्रायव्हर फेब्रुवारी २०२३मध्ये आलेल्या ६.२ आवृत्तीपासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. आपला कर्नल त्याहून जुना असेल, तर आधी तोच अद्ययावत करावा, असा माझा आग्रह आहे. बाहेरून आणून बांधलेला ड्रायव्हर डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणारी सोय) नसल्यास कर्नल बदलताच निकामी होतो, आणि सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेलेच सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा) चालू असेल तर स्वाक्षरीअभावी लोडही होत नाही.