एक्सेलमध्ये हॅन्सन पॅरामीटरचं उत्तर जुळत नाहीये

प्रश्न (जळगाव): दादा लोकहो, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी हॅन्सन पॅरामीटरची (कोणतं द्रावक काय विरघळवेल याचा अंदाज देणारे आकडे) शीट बनवलीय, डी (डिस्पर्शन), पी (पोलर), एच (हायड्रोजन बंध) असे तीन कॉलम. अ‍ॅसिटोन १५.५, १०.४, ७.० आणि टोल्युइन १८.०, १.४, २.० टाकलं तर दोघांतलं अंतर १०.६ येतंय, सर म्हणतात ११.४ पाहिजे. कालपासून डोकं खातंय हे.

उत्तर (धुळे): भाऊ, डीच्या फरकाचा वर्ग ४ ने गुणला का? तिथंच सगळे अडकतात. २५ अधिक ८१ अधिक २५ म्हणजे १३१, वर्गमूळ ११.४. आणि कंस नीट टाक, आधी वजाबाकी मग वर्ग, शिवाय ज्याच्याशी सगळ्यांची तुलना करायची (उदा. पॉलिमर) त्याच्या सेलला डॉलर ($) लावून लॉक कर नाहीतर फॉर्म्युला खाली ओढला की सगळं सरकतं.

उत्तर (भुसावळ): युनिट पण बघ बरं. जुन्या टेबलात टोल्युइन ८.९ दिसेल, ते नुसत्या डीचं नाही, तिन्ही मिळून एकूण आणि कॅलरीवाल्या युनिटमधलं, २.०४५५ ने गुणलं की आपल्या युनिटमध्ये १८.२ होतं. दोन टेबलं मिसळली तर शीट बरोबर दिसूनही उत्तर चुकतं, माझे दोन दिवस असेच गेले होते.

प्रश्नकर्ता: ४ च राहिला होता! आता ११.४ आलं. मिश्रण असेल तर?

उत्तर (धुळे): आकारमानाच्या प्रमाणात डी, पी, एचची वेगवेगळी सरासरी काढ, वजनाच्या नाही.