ओल्ड स्कूल रूनस्केप: क्वेस्टचा क्रम गाइडने ठरवायचा की गोष्टीने?

मालवणी_तलवार
काल या ऑनलाइन गेममधल्या एका नवीन पोराने साधा प्रश्न विचारला, मेंबरशिप (पैसे भरून खेळायची) घेतलीये, क्वेस्ट, म्हणजे गोष्टीतल्या कामगिऱ्या, कुठल्या क्रमाने करू. त्यावर निशाचर_विक्रोळी यांनी दिलेलं उत्तर वाचून डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय. उत्तर असं की विकीचं गाइड उघड, वरून खाली जा, स्पेसबार दाबून संवाद उडवत रहा, डायलॉग वाचत बसणारे कायम मागे राहतात. अहो मागे म्हणजे कोणाच्या मागे? शर्यत कुठली लागलीये?

वॉटरफॉल या क्वेस्टचंच घ्या. प्रत्येक नवख्याला पहिल्याच दिवशी तिकडे पिटाळतात कारण 13,750 अटॅक आणि तेवढाच स्ट्रेंग्थचा एक्सपी (अनुभवाचे गुण), लेव्हल 1 वरून थेट 30. मान्य, आकडा मोठा आहे. पण त्या क्वेस्टमध्ये तुम्ही ग्लॅरियलच्या थडग्यातून तिची राख उचलता, तो कलश घेऊन तिच्या नवऱ्याने, बॅक्स्टोरियनने, धबधब्याखाली जिथे स्वतःला कोंडून घेतलं तिथपर्यंत जाता. शेवटी चषकाला नुसता हात लावला तर खोलीत पाणी भरतं आणि तुम्ही बाहेर फेकले जाता, राख त्याच्यापाशी पोचवली तरच काम होतं. स्पेसबार दाबत आलेल्या माणसाला ही राख कोणाची हेच माहीत नसतं. वीस मिनिटांत 30 लेव्हल घेऊन तो पुढच्या ओळीवर जातो. मग दोन महिन्यांनी हाच माणूस म्हणतो गेम बोअर आहे.

माझं म्हणणं एवढंच की ज्या क्वेस्ट एका साखळीतल्या आहेत त्या सलग करा आणि वाचून करा. लेव्हल कमी पडली तर तेवढी लेव्हल करा आणि परत त्याच साखळीवर या. प्लेग सिटी आज, बायोहॅझर्ड पुढच्या आठवड्यात आणि अंडरग्राउंड पास चाळीस क्वेस्टनंतर, हा काही क्रम झाला का? तोवर प्लेग सिटीत सोडवलेली एलीना कोण होती तेच विसरायला होतं.

निशाचर_विक्रोळी
नाव घेऊन लिहिलंयस तर सविस्तर उत्तर देतो. मी दिवसभर ऑफिस करून रात्री साडेअकराला बसतो, माझ्याकडे तास-दीड तास असतो. माझ्यासारखेच बहुतेकजण असतात. मेंबरशिपचे पैसे भरलेत आणि घड्याळ चालू आहे.

आता हिशोब कर. लंब्रिजच्या गायीला 8 हिटपॉइंट, एका डॅमेजला 4 एक्सपी, म्हणजे एक गाय 32. वॉटरफॉल एका स्किलला जेवढं देतं तेवढ्यासाठी साधारण 430 गायी, दोन्ही स्किलला मिळून 860. नवीन पोराला 860 गायी मारायला लावायच्या आणि वर सांगायचं गोष्ट एन्जॉय कर? तो गायींमध्येच गेम सोडेल. नाइट्स स्वोर्ड 12,725 स्मिथिंग एक्सपी देतं, 1 वरून 29, तेवढ्यासाठी ब्राँझ ठोकत बसायचं का? गाइडमध्ये फेअरीटेल टू लवकर सुरू करायला सांगतात कारण नुसती सुरू केली तरी फेअरी रिंग (एका जागेहून दुसरीकडे नेणारी वर्तुळं) मिळतात, मग पुढच्या प्रत्येक क्वेस्टमधली पायपीट वाचते. हा क्रम लोकांनी वर्षानुवर्षं घासून काढलाय.

आणि गोष्ट कुठे पळून जात नाही. सगळं संपव, क्वेस्ट केप घाल, मग वाच निवांत विकीवर.

आयर्नबाई
दोघंही ग्रँड एक्स्चेंज, म्हणजे खेळाडूंचा बाजार, सगळ्यांना असल्यासारखं बोलताय. ज्यांना विकत घेता येत नाही त्यांचा क्रम सामानावर ठरतो. मी आयर्नमॅन (सगळं स्वतःच मिळवायचा प्रकार) खेळते, मला इम्प कॅचरचे चार मणी खरंच इम्प मारून काढावे लागले, तुम्ही ते दोन सेकंदात विकत घेता आणि म्हणता सोपी क्वेस्ट आहे. प्रत्येक धाग्यात हेच. आमच्यासाठी कोणी दोन ओळी लिहीत नाही.

निशाचर, विकीवर वाच हे मात्र पटलं नाही. वाचणं आणि आपण स्वतः ते करणं यात फरक आहे.

बिनपैशाचा
सगळी चर्चा मेंबरांचीच. फ्री वाल्याला ड्रॅगन स्लेयर करून रून प्लेटबॉडी घातली की संपलं, त्याचा क्रम कोणी विचारत नाही.

बदलापूर_फास्ट
मला वाटतं क्रम ठरवताना कुठे खेळताय ते आधी बघावं. 2018 ला मोबाइलवर आल्यापासून माझा सगळा गेम ट्रेनमध्ये होतो. बदलापूरहून सीएसएमटी, जाऊन येऊन. ट्रेनमध्ये डायलॉगवाल्या क्वेस्ट करायच्या, टॅप टॅप टॅप, वाचायलाही वेळ मिळतो. मारामारीच्या घरी ठेवायच्या, कारण पारसिकच्या बोगद्यात नेटवर्क गेलं की आपला गडी तिथेच उभा मार खातो. अंडरग्राउंड पास तर ट्रेनमध्ये अजिबात नको, ती जाळी आली की एक चुकीचा टॅप आणि खाली.

मुंब्राबायपास
फास्ट लोकल आता पारसिक बोगद्यातून जातच नाहीत. 2022 ला पाचवी-सहावी लाइन झाली तेव्हापासून कळवा-मुंब्र्याकडून वळवल्यात, बोगदा मेल-एक्स्प्रेसना दिला. रोज जातोस म्हणतोस आणि हे माहीत नाही?

बदलापूर_फास्ट
नेटवर्क जातं का नाही ते बोल. खाडीच्या पट्ट्यात जातं. बोगदा म्हणायची सवय आहे तोंडाला.

मुंब्राबायपास
सवय म्हणून चुकीची माहिती द्यायची? आम्ही त्या भागात राहतो. फास्ट गाड्या आमच्या दारावरून जातात आणि थांबत नाहीत, बोगदा गेला त्याचं आम्हाला काय मिळालं तर गर्दी तेवढीच. तुम्ही बदलापूर, कल्याणवाले आधीच भरून येता, आम्हाला दारात लटकावं लागतं आणि तुम्ही आत बसून गेम खेळता.

बदलापूर_फास्ट
बसून?? सकाळची बदलापूर कधी बघितलीस? मी अंबरनाथपर्यंत एका पायावर असतो. फोन छातीशी धरून खेळतो.

आयर्नबाई
दारात उभं राहून खेळू नका रे कोणी, हे मी हात जोडून सांगते. माझ्या भावाचा फोन असाच गेला, गाडी स्लो झाली, रुळाकडेला उभ्या पोराने काठीने हातावर फटका मारला, फोन खाली. नशीब तो मागोमाग वाकला नाही. गेल्याच वर्षीची गोष्ट, अजून मनगट दुखतं त्याचं. अकाउंट त्याच फोनवर लॉगिन होतं, गेममधल्या बँकेला पिन लावलेला म्हणून सामान वाचलं. बँक पिन लावा. क्वेस्ट नंतर करा, पिन आधी लावा.

मुंब्राबायपास
आमच्याकडच्या पोरांना चोर ठरवायचं हे जुनंच आहे. फटके मारणारे सगळ्या लाइनला आहेत.

आयर्नबाई
मी कुठल्या स्टेशनचं नाव घेतलं का? परत वाच.

निशाचर_विक्रोळी
क्वेस्टवर या लोक हो. तुम्हाला लोकलवर भांडायचंय तर दुसरा धागा काढा.

दादरचा_सायबरवाला
मी वाचतोय मघापासून, आता राहवत नाही. आम्ही शाळेत असताना दादरला एका सायबर कॅफेत खेळायचो, तासाचे पैसे मोजून. वाचणं परवडायचंच नाही, आम्ही दोघं मित्र एका कॉम्प्युटरवर, एकजण क्लिक करायचा, दुसरा वहीत लिहून घ्यायचा कुठे जायचं ते. इंग्लिश अर्धं कळायचं नाही. तरी ती वही मला अजून आठवते, त्यात प्लेग सिटीचा नकाशा काढलेला. एलीनाच्या वडिलांच्या, एडमंडच्या, बागेत माती, चार बादल्या पाणी, मग फावडं. आणि तो ब्रॅवेक, शहराचा साहेब, रात्रीची उतरली नाही म्हणून कागद देत नाही, त्याला दुधात चॉकलेट आणि स्नेप ग्रास घालून द्यायचं तेव्हा सही होते. तिथे कोणीच घाई केली नाही, दोघंही वाचत बसलो, पैसे गेले तर गेले. त्यामुळे निशाचरला एवढंच सांगेन, माझ्याकडे तुझ्याहून कमी वेळ होता.

मालवणी_तलवार
हेच सांगतोय मी. आणि प्लेग सिटी तर मुंबईच्या माणसाने स्पेसबार दाबून करूच नये. भिंत घालून अर्धं शहर बंद केलेलं, मास्क लावलेले मोर्नर (प्लेगचे पहारेकरी) फिरतायत, दारावर काळी फुली. 1896 ला मांडवीत प्लेग आला तेव्हा आपल्याकडे घरांवर यूएचएच रंगवायचे, राहण्यास अयोग्य, आणि माणसांना घराबाहेर काढायचे. माझ्या आजीच्या माहेरी ही गोष्ट सांगायचे. मी ती काळी फुलीवाली दारं बघितली आणि थांबलो, प्रत्येक पात्राशी बोलत गेलो. प्लेग सिटीपासूनची ही एल्फांची साखळी 2002 ला सुरू झाली आणि सॉंग ऑफ द एल्व्ज 2019 ला आलं. तो प्लेग खरा आहे का, कोणी पसरवला, राजाचं काय चाललंय, हे सगळं सुरुवातीच्या संवादांमध्ये पेरलेलं आहे. तिथे डोळे झाकून पुढे गेलात तर शेवटाला काही वाटणारच नाही.

निशाचर_विक्रोळी
यूएचएच मला माहीत नव्हतं. ठीक आहे, एल्फांची साखळी वाचून करा, तेवढी देतो तुला. पण अंडरग्राउंड पासला 25 रेंज्ड (लांबून मारायचं स्किल) लागतं, ती लेव्हल कुठून आणणार? पुढे तर लेव्हल वाढतच जातात. कुठेतरी एक्सपीवाल्या क्वेस्ट मध्ये घुसवाव्याच लागणार. आणि वॉटरफॉल पहिल्या दिवशीच, त्यावर मी मागे हटणार नाही.

आयर्नबाई
वॉटरफॉलच्या आधी विचेस हाऊस ही क्वेस्ट. 10 हिटपॉइंट घेऊन फायर जायंटच्या खोलीतून धावायला लावता आणि पोरगं मेलं की म्हणता टायमिंग चुकलं. विचेस हाऊस 6,325 हिटपॉइंट्सचा एक्सपी देतं, 10 वरून 24. मग धाव.

निशाचर_विक्रोळी
त्यातला शेवटचा प्राणी चार रूपं बदलतो, शेवटचं लेव्हल 53. नवीन माणूस कसा मारणार?

आयर्नबाई
लांबून, मॅजिकने, त्याला अडकवून. मी मारला तसा. रून (मॅजिकला लागणारे दगड) दुकानातून घेतले, ग्रँड एक्स्चेंजशिवाय.

निशाचर_विक्रोळी
बरं. रून परवडत असतील तर आधी विचेस हाऊस. लिहून घे, एकदाच म्हणणार.

नवीन_मेंबर_मुलुंड
मीच तो ज्याने प्रश्न विचारला होता. काल वॉटरफॉलला गेलो आणि जायंटने मारलं, आज धागा वाचून विचेस हाऊस सुरू केलंय. लोकलमधलं सगळं वाचलं, पिन लावला. एकच विचारायचंय, हे चीज कशासाठी लागतं? आणि तळघरातल्या गेटला हात लावला की शॉक बसतोय.

मालवणी_तलवार
गेटसाठी चामड्याचे हातमोजे घाल. चीज उंदरासाठी, तो बिळातून बाहेर आला की त्याला लोहचुंबक लाव म्हणजे मागचं दार उघडेल. एखादं चीज जास्तीचं ठेव. पुढे बागेत म्हातारी फेऱ्या मारते, ती पाठमोरी झाली की झुडपाच्या आडून निघायचं. आणि घरात तिची वही दिसेल, ती वाच.

निशाचर_विक्रोळी
वही नंतर वाच, आधी त्या पोराचा हरवलेला बॉल घे, क्वेस्ट त्याचीच आहे.