‘इज सपोज्ड टू’ म्हणजे ‘समजतात’ नव्हे

प्रश्न : सर, इंग्रजीच्या पुस्तकात आणि मोबाईलवर येणाऱ्या सूचनांत ‘इज सपोज्ड टू’ नेहमी दिसते. शब्दकोशात ‘सपोज’चा अर्थ समजणे, गृहीत धरणे असा देला हाये. मग ‘यू आर सपोज्ड टू कम अ‍ॅट टेन’ म्हणजे ‘तुम्ही दहाला येता असं समजतात’ असं होते का? कर्मणी प्रयोग तर दिसते, पण अर्थ बसत नाई. आणि ‘मस्ट’ असतानी हे काऊन वापरतात?

उत्तर : बेटा, याच एका शब्दापायी आमच्या शेजारच्या घरचा एका हंगामाचा पीकविमा गेला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काही वर्षांआधीची गोष्ट. सप्टेंबरातल्या पावसानं नाल्याकाठच्या सोयाबीनात पाणी तुंबलं. अशा नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यायची, असा तेव्हा विम्याचा नियम होता. शेजाऱ्याच्या मोबाईलवर कोणीतरी तो इंग्रजीत पाठवला : ‘दि फार्मर इज सपोज्ड टू रिपोर्ट दि लॉस विदिन सेव्हन्टी-टू अवर्स.’ पोरगा कॉलेजात जाणारा. त्यानं शब्दकोश पाहून बापाला सांगितलं, ‘बाबा, शेतकऱ्यानं खबर देल्ली असं ते समजून घेतात.’ बाप पंचनाम्याची वाट पाहत बसला. मला कळलं पाचव्या दिवशी. पोरगा हुशार आहे, त्याच्याकडे मी बोट दाखवत नाही. आम्ही मास्तर लोकच ‘सपोज’ म्हणजे ‘समजा’ एवढं सांगून पुढं जातो, तेही गणितातल्या ‘समजा क्ष बरोबर पाच’च्या चालीवर.

‘आय सपोज’ असं एकटं क्रियापद आलं तर अर्थ ‘मला वाटतं’. पण ‘बी’चं एखादं रूप, मग ‘सपोज्ड’, मग ‘टू’ आणि पुढं क्रियापद, असं सगळं ओळीनं आलं की तो एक बांधलेला तुकडा होतो. तो फोडून वाचायचा नाही. त्याचा अर्थ : तसं ठरलेलं आहे, तशी रीत आहे, तसा नियम आहे. आपल्याकडे त्याला अगदी मापाचं रूप आहे, ‘-यचं असतं’ किंवा ‘-यचं आहे’. ‘तुम्हाला दहाला यायचं आहे.’ ‘शेतकऱ्यानं ७२ तासांत नुकसान कळवायचं असतं.’ पुष्कळ जण ‘अपेक्षित आहे’ असं भाषांतर करतात. चूक नाही, पण मला ते आवडत नाही. ‘अपेक्षित’ ऐकलं की माणसाला वाटतं, केलं तर बरं, नाही केलं तरी भागेल.

आता ‘मस्ट’. हा फरक तुझ्या आजीच्या बोलण्यात रोज असतो, कान देऊन ऐक. ‘म्हशीचं दूध दोन टाईम काढाच लागते’ : यात सुटका नाही. हे ‘मस्ट’, किंवा ‘हॅव टू’. ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकायचे असते’ : ही रीत आहे, कोणी शेकेल, कोणी राहून देईल. हे ‘सपोज्ड टू’. ‘करा लागते’ आणि ‘करायचं असते’ यांत जेवढं अंतर, तेवढंच अंतर त्या दोन इंग्रजी रूपांत आहे.

म्हणजे ‘सपोज्ड टू’ म्हणताना एक गोष्ट न बोलता सांगितली जाते : नियम आहे, पण तो पाळला जातोच असं नाही. आपल्या कापसाचंच घे. बीटी कापूस म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होतं असं वाण. त्याला देशात २००२ साली परवानगी मिळाली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी येत असे, त्याला इंग्रजीत ‘रेफ्यूज’ म्हणतात. ते बियाणं वावराच्या चहूबाजूंनी लावायचं होतं. बीटीविना झाडांवर जगलेल्या अळ्यांची पुढची पिढी इतर अळ्यांत मिसळत राहावी आणि अळीला बीटी पचायला लागू नये, हा त्यामागचा विचार. आमच्या भागात पुष्कळांनी ती पुडी बांधावरच टाकली. जागा कशाला अडवायची, असं वाटायचं, आणि कारण नीट समजावून सांगणारं कोणी भेटलं नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस खाल्ला, त्यामागं जी कारणं होती त्यांत हेही एक. इंग्रजीत : ‘दि रेफ्यूज सीड वॉज सपोज्ड टू बी सोन अराउंड दि फील्ड.’ या वाक्यात ‘वॉज’ आल्याबरोबर ऐकणाऱ्याला कळतं की तसं झालं नाही. पुढं ‘बट’ लिहिलं नाही तरी तो ‘बट’ ऐकू येतो. आपल्या ‘लावायचं होतं’मध्येही तो ‘पण’ तसाच आहे. ‘एसटी सातला यायची होती’ म्हटलं की स्टँडवरच्या कोणालाही पुढचं सांगावं लागत नाही.

नकारात मात्र जपून. ‘नॉट सपोज्ड टू’ म्हणजे मनाई. ‘चिल्ड्रन आर नॉट सपोज्ड टू गो निअर दि डीपी.’ डीपी म्हणजे आपला विजेचा ट्रान्सफॉर्मर. या वाक्याचं ‘मुलांनी डीपीजवळ जाणं अपेक्षित नाही’ असं भाषांतर मी उत्तरपत्रिकेत वाचलं आहे, आणि ‘जाण्याची गरज नाही’ असंही. दुसरं तर जिवावर बेतणारं. ‘पोरांनी डीपीजवळ जायचं नसतं’ हेच बरोबर. ‘पोळ्याच्या दिवशी बैल जुपायचे नसते’ म्हणताना घरात कोणी ‘गरज नाही’ असा अर्थ काढत नाही ना, तसंच.

याच रूपाचा आणखी एक अर्थ आहे : ‘म्हणे’. लोणारच्या सरोवराविषयी दोन गोष्टी सांगतात. लवणासुर नावाच्या दैत्याला विष्णूनं तिथं मारलं, ही एक. तिथल्या दैत्यसूदन मंदिराचं नाव त्यावरूनच. ती लिहिताना ‘विष्णू इज सपोज्ड टू हॅव किल्ड दि डेमन हिअर’ हे शोभतं, कारण ऐकलेली गोष्ट आपण पुढं देतो आहोत. पण बेसॉल्ट खडकात उल्का आदळून ते विवर झालं, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. तिथं ‘इज नोन टू’ लिहायचं. तिथं ‘सपोज्ड’ वापरलं तर लिहिणाऱ्याचा त्यावर विश्वास नाही असं वाचणाऱ्याला वाटेल.

तू कर्मणी प्रयोग ओळखलास, हे मला फार आवडलं. कर्मणीत ‘कोणी?’ हा प्रश्न उघडा राहतो. शेतकऱ्यानं ७२ तासांत कळवायचं, हे ठरवलं कोणी? वाक्य ते सांगत नाही. पण ही काही इंग्रजीची खोड नाही. जुन्या मराठीत ‘करिजे’, ‘बोलिजे’ अशी कर्मणी रूपं होती. व्याकरणात त्यांना पुराण कर्मणी म्हणतात. ती बहुतेक गेली, पण एक रोजच्या तोंडात राहिलं : ‘पाहिजे’. मूळ ‘पाहणे’चं कर्मणी. पाहिलं जातं, म्हणजे वाट पाहिली जाते, म्हणून हवं असतं. आपण वऱ्हाडीत ‘मले पानी पायजे’ म्हणतो तेव्हा कित्येक शतकं जुनं कर्मणी रूप बोलत असतो. ‘पाहिजे’त आज कोणाला ‘पाहणं’ दिसत नाही आणि ‘सपोज्ड टू’त इंग्रजाला ‘समजणं’ दिसत नाही. दोन्ही शब्द वापरून वापरून मूळ अर्थापासून सुटले आहेत. शब्दकोशात ‘सपोज’खाली शोधलं तर म्हणूनच फसायला होतं. खाली जाऊन ‘बी सपोज्ड टू’ वेगळं दिलेलं असतं, ते पाहायचं.

एका ताईंनी विचारलं : सर, माझा मुलगा ‘आय अ‍ॅम सपोज टू’ असंच लिहितो, ‘डी’ लावतच नाही. कितीदा सांगितलं.

ताई, तो कानानं लिहितो आहे. बोलताना ‘ड’ पुढच्या ‘ट’त मिसळून जातो आणि ऐकू येतं ‘सपोस्टू’. त्याला म्हणा, बोलताना गिळला तरी चालेल, लिहिताना ‘डी’ ठेवायचाच. ‘यूज्ड टू’चंही तसंच.

पुन्हा पहिला विद्यार्थी : सर, एक वाक्य करून पाहिलं. आमच्याकडे या हप्त्यात शेतीची लाईन रात्रपाळीत हाये. ‘दि लाईन इज सपोज्ड टू कम अ‍ॅट ट्वेल्व टुनाईट.’ जमलं का?

जमलं. फक्त ‘लाईन’ हा आपला शब्द, इंग्रजीत ‘पॉवर’ लिही. ओलिताला जाशील तेव्हा बॅटरी घेऊन जा, पायात बूट घाल. आणि पहाटेपर्यंत लाईन आलीच नाही, तर हेच वाक्य उद्या ‘वॉज’नं लिहून मला दाखव.